पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले, माहिती कुठे मिळेल?

कोयनाकाठ: नमस्कार मंडळी. आमचं गाव पाटण तालुक्यात. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात "बसऱ्याच्या लढाईत" गेले आणि परत आलेच नाहीत, एवढंच घरात माहितीय. परवा आजीच्या ट्रंकेत एक चांदीचं मेडल सापडलं, कडेला बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, सिपॉय, नाव आणि ११७ मराठाज असं कोरलंय. नावाचं स्पेलिंग भलतंच आहे. त्यांच्या मृत्यूची तिथी कुणालाच माहीत नसल्यामुळे आजपर्यंत त्यांचं पान सर्वपित्रीलाच वाढतात. ते कुठे होते, कसे गेले हे शोधायचंय, सुरुवात कुठून करू?

जुनी_बखर: सगळ्यात आधी ते मेडल पॉलिश करू नका!! कडेवरचा नंबर हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा, घासून घासून पुसट झालेली मेडलं पाहिलीत मी. आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) साइटवर जा, पहिलं महायुद्ध निवडा आणि नावाऐवजी नंबर आणि पलटण टाकून शोधा, कारण आपली नावं साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलीत. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो, त्यावरून खात्री करा. तिकडच्या बसरा मेमोरियलवर (युद्धस्मारकावर) आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा टाकला, नावं वेगळ्या रजिस्टरात. २०२१ मध्ये कमिशनने या भेदभावाची माफी मागितली. पण माणूस गेला तो गेला, त्याचं नाव तरी लिहायचं होतं ना.

कोयनाकाठ: सापडलं!!! नंबर जुळतोय, वडिलांचं नावही जुळतंय, गावाचं स्पेलिंग मात्र तीनदा मोठ्याने वाचल्यावर कळलं. तारीख सप्टेंबर १९१६ ची आहे. पण त्या वेळी तिथे कसली लढाई चालली होती?

निवृत्त_हवालदार: ताई/दादा, ही तारीख महत्त्वाची आहे. ११७ मराठा ही सहाव्या पुणे डिव्हिजनमधली पलटण, १०३ आणि ११० मराठापण त्याच डिव्हिजनमध्ये. ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून इराकमधल्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली, शेवटी शेवटी घोडे कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. तिथून कैद्यांना उन्हातान्हात बगदादकडे चालवत नेलं, पुढे आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं, वाटेत आणि छावण्यांत उपासमार, हगवण, तापाने फार माणसं गेली. तेव्हा सप्टेंबर म्हणजे बहुधा कैदेतला मृत्यू. पण लगेच ठरवून टाकू नका, जखमी होऊन किंवा भरतीनंतर मागून आलेले बरेच मराठा वेढ्याबाहेर राहिले होते, त्यांची एकत्र कंपोझिट बटालियन करून कुतचा वेढा फोडायच्या लढायांत उतरवलं होतं. रेड क्रॉसच्या जिनेव्हाच्या अर्काइव्हमध्ये १९१४-१८ च्या कैद्यांची नोंद ऑनलाइन आहे, तिथे त्यांचं नाव येतंय का बघा, आलं तर प्रश्न मिटला.

जुनी_बखर: +१. आणि पलटणीच्या वॉर डायऱ्या (रोजच्या हालचालींची नोंदवही) लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या क्रमांकाखाली मिळतात. त्यात शिपायाचं नाव शोधत बसू नका, अफसरांची नावं आणि "इतके जखमी" एवढंच सापडेल, पण अमुक दिवशी पलटण कुठे होती हे नीट कळतं. १९२२ च्या फेररचनेत ११७ ची पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली, तेव्हा बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरलाही एक पत्र टाका, सोबत मेडलच्या कडेचा फोटो.

कोयनाकाठ: खूप खूप आभार. आजीला तारीख वाचून दाखवली, ती काही बोलली नाही, मग म्हणाली "त्या दिवसाची तिथी काढा". जुनं पंचांग कुठे मिळेल?

निवृत्त_हवालदार: तिथी कुठलाही पंचांगवाला काढून देईल, आजकाल साइटवरपण निघते. फक्त आधी ती तारीख रेड क्रॉसच्या कागदाशी ताडून घ्या, कैद्यांच्या तारखा कधी कधी मागाहून अंदाजाने टाकलेल्या असतात. जुळली की पान त्या तिथीला वाढा.