टर्बो डिझेलला एअर फिल्टर कोणता आणि बसवायचा कुठं? (विटा-सांगली, धूळ आणि पाऊस दोन्ही)

नमस्कार मंडळी,

गाडी दीड लिटरची टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), ती दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर पुढच्या बंपरमागं. रोजचा रस्ता विटा-तासगाव-सांगली. अधूनमधून साताऱ्यावरून कास किंवा महाबळेश्वर. म्हणजे घराकडं खानापूर-आटपाडीचा कोरडा, धुळीचा पट्टा आणि तिकडं महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जाणारा पाऊस. एकाच गाडीला दोन्ही सोसायचंय.

सध्या कंपनीच्या डबीत कागदी फिल्टर आहे. परवा डबी उघडली. घड्याघड्यांत तांबड्या पिठासारखी धूळ बसलेली आणि तळाला पाचटाचे जळके काळे तुकडे. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं गाडी चालवणाऱ्यांना हे माहीत असेलच. फिल्टर बदलायचाच आहे, तर या निमित्तानं नीट विचार करून एकदाच काय ते करावं असं डोक्यात आहे.

ॲक्सेसरीवाल्यानं दोन पर्याय सांगितले. पहिला, डबी काढून पाईपच्या तोंडालाच उघडा कोन फिल्टर, बोनेटखाली. दुसरा, तोच कोन लांब पाईप टाकून खाली फॉगलॅम्पच्या मागं, म्हणजे गार हवा मिळेल. दोन्ही तेल लावलेले कॉटनचे, धुऊन परत वापरायचे. पिकअप वाढेल म्हणतो.

माझे प्रश्न असे. टर्बो गाडीला मोकळ्या फिल्टरचा खरंच फायदा होतो का, की आवाजच वाढतो? बोनेटखालची गरम हवा इंटरकूलर गार करतोच, मग जागेनं एवढा काय फरक पडतो? आणि आपल्याकडच्या धुळीला कॉटन टिकेल का? टर्बो परत घ्यायची वेळ आली तर खर्च किती येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून अनुभवी लोकांनी मनापासून सांगावं ही विनंती.

प्रतिसाद (मिरज)

दादा, फॉगलॅम्पमागचा पर्याय आधी रद्द करा. पावसाळ्यात एखाद्या अंडरपासला किंवा ओढ्यावरच्या फरशीला गुडघाभर पाणी असलं की तो फिल्टर थेट पाण्यात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं ते सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचं कलम वेगळं घ्यावं लागतं.

धुळीच्या दृष्टीनंही खालची जागा वाईटच. तुमच्याकडचे जुने ट्रॅक्टर बघा, हवा ओढायचं तोंड बोनेटच्याही वर काढलेलं असतं आणि त्यावर जाड कचरा वेगळा करणारी वाटी. धूळ जमिनीलगत दाट असते म्हणून ती रचना.

प्रतिसाद (कोरेगाव)

फायदा होतो का, याचं उत्तर हिशेबानं देतो. दीड लिटरचं इंजिन 4000 आरपीएमला मिनिटाला 3000 लिटर हवा गिळतं, कारण फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा हवा आत जाते. टर्बोनं 1 बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर साधारण तेवढाच जादा दाब, दिला की बाहेरची हवा जवळपास दुप्पट लागते. गळती, घट धरली तरी 5000 लिटरच्या आसपास. एवढी हवा त्या एका फिल्टरमधून जाते, म्हणून टर्बो गाडीला फिल्टर चोंदलेला चालत नाही. टर्बोच्या तोंडाशी दाब 2 टक्के पडला तर तेवढाच बूस्ट राखायला त्याला जास्त जोरात फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते.

गरम हवेचंही तेच. आत जाणारी हवा 10 अंशांनी तापली की ती साधारण 3 टक्के विरळ होते. इंटरकूलर टर्बोनंतर येतो. टर्बोत गरम हवा घेतली की बाहेर पडताना ती आणखी गरम असते, मग इंटरकूलरवर भार. उन्हाळ्यात सांगलीच्या सिग्नलला बोनेटखाली काय भट्टी असते ते हात लावून बघा. उघडा कोन तीच हवा ओढणार. कंपनीची डबी ग्रीलच्या वरच्या कडेमागून बाहेरची हवा घेते, ती जागा विचार करूनच निवडलेली आहे. माझ्या मते फिल्टरच्या जातीपेक्षा जागा महत्त्वाची.

पण पैसे घालायच्या आधी मोजा. गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, यू आकारात फळीला बांधा आणि अर्धी पाण्यानं भरा. डबीच्या झाकणाला स्वच्छ बाजूनं बारीक भोक पाडून एक टोक तिथं घट्ट जोडा, दुसरं मोकळं. यूचे दोन्ही हात मीटरभर उंच ठेवा, म्हणजे पाणी ओढलं जाणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये चढाला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, शेजारी बसलेल्यानं पाण्यातला फरक बघायचा. 10 सेंटिमीटर म्हणजे दाबात साधारण 1 किलोपास्कलची घट. मोठ्या डिझेल इंजिनांवरचे लाल खुणेचे इंडिकेटर साधारण 6 किलोपास्कलला फिल्टर बदला म्हणतात. मोजून झालं की भोक नीट बुजवा, नाहीतर तिथूनच धूळ जाईल.

प्रतिसाद (सांगली)

कॉटनबद्दल. तेल जास्त झालं की त्याचा अंश एमएएफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणारा) तापलेल्या फिल्मवर बसतो. मग हवा कमी वाचली जाते, ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) हिशेब बिघडतो आणि पिकअप उलट पडतो. तेल कमी पडलं की बारीक धूळ निसटते. टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेऱ्या घेतं, त्या वेगात बारीक कण पात्यांच्या कडा खातात. चांगला कागद एअर फिल्टरसाठीच्या आयएसओ 5011 च्या चाचणीत 99 टक्क्यांवर धूळ अडवतो. विट्याच्या धुळीला कागदच बरा, फक्त लवकर बदला. कॉम्प्रेसरच्या हवेनं झाडत बसू नका, घड्या फाटतात.

आणि एमएएफ ज्या नळीत आहे तिचा व्यास बदलायचा नाही. सेन्सरचं गणित त्या व्यासावर बसवलेलं असतं.

प्रतिसाद (मिरज)

एक राहिलं. नवा फिल्टर टाकताना रबरी कड डबीत नीट बसली का बघा. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिल्टरनंतरच्या पाईपमध्ये आतून फिरवा. फडक्याला माती लागली तर फिल्टर कितीही भारी असू दे, हवा बाजूनं जातीय.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही कोन रद्द. लेव्हल पाईप लावून बघितली. जुन्या फिल्टरला वीतभर फरक दिसत होता, नव्या कागदी फिल्टरला त्याच्या निम्मा. म्हणजे अडचण डबीची नव्हती, फिल्टर चोंदला होता. कड बसवून फडकं फिरवलं, स्वच्छ निघालं. आता ऊसतोडीच्या हंगामाच्या मध्यावर एकदा आणि संपल्यावर एकदा बदलायचं ठरवलंय.

शेवटची एक शंका. ब्रीदरची नळी (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणारी) एमएएफ आणि टर्बोच्या मधल्या पाईपला येते, तिथं आतून तेलाचा ओलसरपणा आहे. हे चालतं का?

प्रतिसाद (कोरेगाव)

नुसता ओलसरपणा चालतो, ब्रीदरमधून तेलाची वाफ येतेच. थेंब साचत असतील, किंवा इंजिन ऑइल कमी होत असेल, तर आधी ब्रीदर चोंदलाय का बघा. तो मोकळा असेल तर पाईप काढून टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, पण आतबाहेर हलला किंवा पाती कडेला घासल्याच्या खुणा दिसल्या तर गाडी फिटरला दाखवा. ब्रीदरची नळी काढून मोकळी सोडू नका, तिथून टर्बो न गाळलेली हवा ओढेल.