हाताला झेपेल आणि पकडीत नीट बसेल असा डिजिटल कॅमेरा सुचवा

नमस्कार. नवा कॅमेरा घ्यायचाय, आणि यावेळी फोटोच्या दर्जापेक्षा पकडीची चिंता जास्त आहे. घरातला जुना डीएसएलआर आजही छान फोटो देतो, पण उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो. तासाभरात कॅमेरा हातात नकोसा होतो, त्यामुळे हल्ली तो कपाटातच असतो. हात लहान आहेत, चष्मा आहे. फोटो मुख्यतः प्रवासाचे, झाडाफुलांचे आणि घरच्या माणसांचे. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, हवाच. जो तो म्हणतो, सगळ्यात हलका घे. सोनी आरएक्स१०० आणि रिको जीआर ३ हे छोटे कॅमेरे डोक्यात आहेत. काय करू?

प्रतिसाद १

ताई, अंगठा दुखत असताना नुसत्या वजनाच्या आकड्यावर जाऊ नका. चपट्या, गुळगुळीत कॅमेऱ्याला धरायला जागाच नसते. मग आपण तो अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दाबून धरतो, आणि सगळा ताण नेमका तुमच्या दुखऱ्या सांध्यावर येतो. पुढे खोल ग्रिप असली की भार बोटांवर पेलला जातो, अंगठा मागे नुसता टेकलेला राहतो. म्हणून ३०० ग्रॅमचा गुळगुळीत कॅमेरा ४५० ग्रॅमच्या चांगल्या ग्रिपवाल्यापेक्षा जास्त दमवू शकतो.

रिको जीआर ३ फक्त २५७ ग्रॅमचा आहे आणि त्यात एपीएस-सी, म्हणजे बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो तेवढा मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आहे, कौतुक करावं तेवढं थोडंच. पण व्ह्यूफाइंडर नाही, म्हणजे तुमच्यासाठी तो बाद.

माझ्या मते निकॉन झेड५० किंवा कॅनन आर१० हातात घेऊन बघा. दोन्हींची ग्रिप आकाराच्या मानाने खोल आहे. झेड५० बॅटरी-कार्डासकट ४५० ग्रॅम, आर१० साधारण ४३०. इथे एक सावधगिरी: काही ठिकाणी बॅटरी-कार्ड न धरता नुसत्या बॉडीचं वजन छापतात. झेड५०चंच ते ३९५ ग्रॅम आहे. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे घ्या.

आणि लेन्स विसरू नका! भार खरा तिथेच वाढतो. सोनीचा ए७सी २ फुल फ्रेम (एपीएस-सीहूनही मोठ्या सेन्सरचा) असून ५१४ ग्रॅमचा, वाचून कोणीही हरखून जाईल. पण त्यावर त्यांचीच २४-७० एफ २.८ जीएम २ ही झूम लेन्स लावली तर ती एकटी ६९५ ग्रॅम. कॅमेरा पुढे झुकतो, मनगट ओढलं जातं. सेन्सर मोठा तशी त्याच तोडीची झूम लेन्सही मोठी होत जाते, बॉडी कितीही लहान केली तरी.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे एपीएस-सीहून लहान सेन्सरचे कॅमेरे, राहिले. ऑलिंपस ई-एम१० मार्क ४ हा ३८३ ग्रॅम, त्यावर १४-४२ ईझेड ही चपटी लेन्स ९३ ग्रॅम. सगळं मिळून अर्ध्या किलोपेक्षा कमी. बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, त्यामुळे हात थोडा थरथरला तरी सावरून घेतं. आधीच्या मॉडेलपेक्षा ग्रिपही वाढवलेली आहे. लहान हातांना हा फार छान बसतो. अंधुक उजेडात पळणारी मुलं टिपायची असतील तर मात्र एपीएस-सीच बरा.

आरएक्स१०० चपटा असला तरी मी तो इतक्या सहज बाद करणार नाही. सातव्या आवृत्तीत वर उघडणारा व्ह्यूफाइंडर आहे, २४-२०० एवढा, म्हणजे रुंद दृश्यापासून लांबच्या गोष्टींपर्यंतचा झूम आहे आणि वजन ३०२ ग्रॅम. पुढे चिकटवायची छोटी ग्रिप मिळते, तिने पकड बरीच सुधारते. दिवसभरात चारदोन फोटो काढून पर्समध्ये टाकायचा असेल तर यासारखा दुसरा नाही. तासभर डोळ्याला लावून बसायचं असेल तर मी घेणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. चिमटीचं अगदी पटलं, दुखतं ते तिथेच. मी तासन्‌तास रमते, त्यामुळे आरएक्स१०० नको. दुकानात गेल्यावर नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १

बॅटरी आणि तुम्ही वापराल तीच लेन्स लावून मागा. नेहमीचा चष्मा घालून जा आणि व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे एकाच वेळी दिसतात का बघा. दिसत नसतील तर डोळा सारखा सरकवावा लागेल, आणि याला नंतर फारसा इलाज नसतो. डाव्या डोळ्याने बघत असाल तर अंगठा चष्म्याला धडकतो का, तेही बघा.

मग डावा तळहात लेन्सखाली, कोपरं अंगाला, आणि उजवी पकड अगदी सैल सोडा. कॅमेरा निसटेल असं वाटलं तर ती ग्रिप तुमच्या हाताची नाही. तर्जनी पकड न बदलता शटरवर पोचली पाहिजे. करंगळी खाली लोंबकळत असेल तर घाबरू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांना तळाशी लावायची जादा ग्रिप मिळते. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागची बटणं आणि चाक अंगठ्याने पुन्हापुन्हा फिरवून बघा. चाक घट्ट असेल तर तेच काम पुढच्या चाकाला किंवा टचस्क्रीनला देता येतं का, ते मेनूत शोधा. आर१० आणि झेड५० दोन्हींत पुढचं चाक आहे.

हे सगळं किमान दहा मिनिटं करा. पहिल्या मिनिटाला प्रत्येक कॅमेरा हलकाच वाटतो.

प्रतिसाद २

आणि गळ्यातला पट्टा तिरका, खांद्यावरून घ्या. दोन फोटोंच्या मधे हात पूर्ण मोकळा राहतो, अंगठ्याला तेवढीच विश्रांती.