खरा व्हॅनिला ओळखायचा कसा आणि पावसाळ्यात ठेवायचा कुठे? मदत हवी आहे

पिठीसाखर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, घरून केकच्या ऑर्डरी घेते, बहुतेक सगळे एगलेस. आजपर्यंत दुकानात मिळतो तो छोट्या बाटलीतला व्हॅनिला इसेन्सच वापरत आलेय आणि कुणी काही तक्रार केलेली नाही. आता नणंद अमेरिकेहून आलीय, तिने दोन बाटल्या आणल्यात. एक छोटी, तिच्यावर प्युअर व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट लिहिलंय, घटकांत पाणी, अल्कोहोल ३५ टक्के आणि व्हॅनिला बीन एक्स्ट्रॅक्टिव्हज, बस. दुसरी चांगली मोठी, ती लोक मेक्सिकोला फिरायला गेले होते तिथल्या दुकानातली, लेबल सगळं स्पॅनिशमध्ये, अल्कोहोल किती ते कुठेच दिसत नाही, पण वास असला भारी की छोटी बाटली तिच्यापुढे फिकी वाटते. शिवाय गोव्याहून येताना फोंड्याच्या मसाल्याच्या बागेतून घेतलेल्या शेंगा आहेत, प्लास्टिकच्या पाकिटात, त्यातल्या एकदोन शेंगांवर पांढरं काहीतरी दिसतंय.
तर प्रश्न असे की यातला खरा कुठला, सासूबाई म्हणतायत सगळं फ्रीजमध्ये टाक ते बरोबर का, माझी एक जैन गिऱ्हाईक आहे तिला अल्कोहोलवाला चालेल का, आणि व्हॉट्सअॅपवर फिरतंय की व्हॅनिलात कुठल्याशा प्राण्याच्या ग्रंथीतलं काहीतरी घालतात ते खरं आहे का?? आणि मुळात एवढा महागडा प्रकार केकमध्ये घालून कळतो तरी का कुणाला?

सातासमुद्रापार
छोटी बाटली खरी. इकडे अमेरिकेत प्युअर व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट हे नाव लावायचं तर कायद्याने अल्कोहोल कमीत कमी ३५ टक्के लागतं आणि एका गॅलनला १३.३५ औंस शेंगा, म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला साधारण १०० ग्रॅम. याच्या दुप्पट शेंगा वापरल्या की डबल फोल्ड म्हणतात. साखर किंवा कॉर्न सिरप घातलेलं चालतं, बऱ्याच कंपन्या घालतात, त्यामुळे साखर दिसली म्हणून लगेच नकली ठरवू नका.
मोठ्या बाटलीबद्दल मात्र सावध. व्हॅनिला मूळचा मेक्सिकोचाच, व्हेराक्रूझ भागात पापांतलाच्या आसपास टोटोनाक लोक पिढ्यानपिढ्या पिकवतात आणि तिथला अस्सल माल उत्तम असतो, पण तो स्वस्त नसतो. टूरिस्ट दुकानात मोठी बाटली थोडक्या पैशात मिळते तेव्हा आत बहुधा सिंथेटिक व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासातला मुख्य घटक, कारखान्यात बनवलेला) असतं, आणि पूर्वीपासून काही बाटल्यांत टोंका नावाच्या झाडाच्या बियांचा अर्क निघालाय. त्यात कुमारिन नावाचं रसायन असतं. वास व्हॅनिलासारखाच, उलट जास्त गोड आणि दाट, म्हणूनच तुम्हाला छोटी फिकी वाटत असणार. अमेरिकेत कुमारिन खाद्यपदार्थांत घालायला १९५४ पासून बंदी आहे कारण यकृताला त्रास होऊ शकतो. तुमच्या बाटलीत ते आहेच असं मी म्हणत नाही, पण लेबलवरून कळत नसेल तर विकायच्या केकमध्ये तरी घालू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारं कुणी घरात असेल तर घरीही नको.

परीक्षानळी
वरच्या सगळ्याला +१. फ्लेवरच्या धंद्यात काही वर्षं काढलीयत म्हणून थोडं लांबण लावतो.
वासावरून खरं खोटं ठरवायला जाऊ नका, तिथे सगळे फसतात. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य रेणू व्हॅनिलिन, आणि तो कारखान्यात बनवला काय किंवा शेंगेतून आला काय, रेणू तोच. १८७४ साली जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघांनी तो पाइनच्या झाडातल्या एका पदार्थापासून बनवला, आज बहुतेक माल ग्वायाकॉल नावाच्या रसायनापासून बनतो आणि ते येतं पेट्रोकेमिकलमधून. एथिल व्हॅनिलिन म्हणून त्याचा भाऊ आहे तो तर शेंगेत नसतोच, आणि वासाला दोन ते चारपट जोरकस. म्हणजे नकली माल जास्त घमघमणार हे उघड आहे. खऱ्या शेंगेत व्हॅनिलिन जेमतेम दोनेक टक्के असतं, पण त्याच्याबरोबर दोनशेच्या वर बारीकसारीक वासाचे घटक असतात, धुरकट, मनुकांसारखे, लाकडासारखे, खरी मजा त्यांची.
म्हणून लेबल वाचा. आपल्याकडच्या इसेन्सवर प्रोपिलीन ग्लायकॉल (आयएनएस १५२०), रंगासाठी कॅरामल (आयएनएस १५०) आणि आर्टिफिशिअल किंवा नेचर आयडेंटिकल फ्लेवर असं लिहिलेलं सापडेल. यात विष वगैरे काही नाही, उगाच घाबरू नका, फक्त तो व्हॅनिलाच्या शेंगेला शिवलेला नाही एवढंच. पाण्यासारखा पारदर्शक असेल तर जवळजवळ नक्कीच सिंथेटिक. तपकिरी आहे म्हणून खरा असं मात्र नाही, रंग घालता येतो. आईस्क्रीममधले काळे ठिपके पण पुरावा नव्हे, अर्क काढून झालेल्या शेंगांच्या बिया नुसत्या दिसण्यासाठी घालतात.
प्राण्याचं म्हणाल तर तो बीव्हर नावाचा प्राणी आणि कॅस्टोरियम नावाचा पदार्थ. एकेकाळी फ्लेवरमध्ये थोडाफार वापर होता हे खरं, पण तो गोळा करणं इतकं किचकट आणि महाग की वीसपंचवीस रुपयांच्या इसेन्समध्ये कोण घालणार? हिरवा ठिपका बघा आणि तो फॉरवर्ड डिलीट करा.

पोफळीची_सावली
शेंगांचं मी सांगतो, आमच्या सिंधुदुर्गात काकाने पोफळीच्या बागेत गिरिपुष्पाच्या झाडांवर हे व्हॅनिलाचे वेल चढवले होते.
आधी ते पांढरं. उन्हात किंवा टॉर्चखाली धरून बघा. बारीक सुयांसारखं चमकत असेल तर ते व्हॅनिलिनचे स्फटिक, उलट चांगल्या मालाचं लक्षण. चमक नाही, कापसासारखी लव आहे, वास कुबट येतोय तर बुरशी. मग ती शेंग सरळ फेकायची, पुसून वापरायची नाही, आणि बाकीच्या वेगळ्या काढून काही दिवस लक्ष ठेवायचं.
फ्रीज नको. आत शेंग सुकून कडक होते आणि बाहेर काढली की दव धरतं, तिथूनच बुरशी सुरू होते. प्लास्टिकचं पाकीटही नको. शेंगांना मेणकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत घाला आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा, गॅसजवळच्या नको. पावसाळ्यात बाटली भर पावसात उघडू नका आणि ओल्या हाताने तर नाहीच नाही. शेंग बोटाला गुंडाळता आली पाहिजे, मोडली तर सुकलीय, पण सुकलेली वाया जात नाही, कोमट दुधात टाकून ठेवा, मऊ पडते.
आणि महाग का म्हणाल तर ऐका. हे ऑर्किड आहे. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं, तेवढ्या वेळात प्रत्येक फुलाचं परागीकरण हाताने करायचं. ही काडीने करायची युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आजही जगभर तीच चालते. मग शेंग तयार व्हायला आठनऊ महिने. आणि हिरव्या शेंगेला वास काही नसतो हो! गरम पाण्यात बुडवायची, घोंगडीत गुंडाळून घाम काढायचा, रोज थोडं ऊन दाखवायचं, मग पेटीत मुरवायची, यात परत काही महिने जातात आणि पाचसहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो होते. २००० साली मादागास्करला वादळ झालं, भाव चढले, ते बघून कर्नाटक केरळात लोकांनी धडाधड वेल लावले आणि आमचा काकाही त्यात. शेंगा धरेपर्यंत २००४-०५ उजाडलं आणि भाव असा आपटला की लोकांनी वेल उपटून टाकले. नंतर २०१७ च्या वादळाने पुन्हा वर, २०१८ ला किलोला ६०० डॉलर. तेव्हा काकाच्या बागेत एकही वेल नव्हता, तो विषय आमच्याकडे जेवताना काढत नाहीत.

पिठीसाखर
बाप रे, केवढी माहिती, धन्यवाद सगळ्यांना! टॉर्च लावून बघितलं, एका शेंगेवर चमकतंय आणि दुसरीवर चक्क लव आहे, ती गेली कचऱ्यात. मोठी बाटलीही बाजूला काढली. नणंदेला काय सांगायचं ते बघू. पण केकचं आणि त्या जैन गिऱ्हाइकाचं राहिलंच की.

सातासमुद्रापार
ओव्हनमधल्या स्पंजला तुमचा नेहमीचा इसेन्स पुरे. चॉकलेट केक असेल तर विचारूच नका, भट्टीत ते बारीक वास उडून जातात आणि उरतं मुख्यतः व्हॅनिलिन. खरा माल जिथे शिजवणं नाही किंवा कमी आहे तिथे वापरा, बटरक्रीम, कस्टर्ड, आईस्क्रीम, पन्ना कोटा. आणि कस्टर्ड गॅसवरून उतरून कोमट झाल्यावर घाला, उकळत्यात नाही. (श्रीखंडात घालून बघू का असं विचारणार असाल तर नको, वेलची रुसेल.)
अल्कोहोल बेक करताना बरंचसं उडतं पण सगळं नाही. चमचाभर एक्स्ट्रॅक्टमध्ये दोन मिलीच्या आतच असतं, तरी हा प्रश्न मिलीचा नाही, त्यांच्या नियमाचा आहे, तेव्हा तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. नको म्हणाल्या तर ग्लिसरीनमध्ये काढलेला व्हॅनिला मिळतो, किंवा शेंगेच्या बिया थेट क्रीममध्ये घाला.
एक्स्ट्रॅक्टलाही फ्रीज नको, बाटली कपाटात ठेवा, वर्षानुवर्षं टिकतो. तळाशी गाळ दिसला तर हलवून वापरा.

कपबशी_क्लब
मी घरीच करते, १०० मिली साध्या व्होडकाला १० ग्रॅम शेंगा, उभ्या चिरून, पूर्ण बुडलेल्या हव्यात नाहीतर वर राहिलेल्या भागाला बुरशी. किमान तीन महिने अंधारात, खरा रंग चढतो वर्षाने. यासाठी महाग शेंगा घेऊ नका, ब ग्रेडच्या कोरड्या शेंगा चांगल्या, त्यात पाणी कमी असतं. बाकी व्होडकाच्या परमिटचं ज्याचं त्याने बघावं :-) बिया काढून उरलेली साल धुऊन, सुकवून साखरेच्या डब्यात खोचा.

पिठीसाखर
साल साखरेत किती दिवस ठेवायची?

कपबशी_क्लब
पंधरा दिवसांनी वास लागतो, मग साखर संपेल तशी भरत राहा. डबा आठवड्यातून एकदा हलवा, आणि साल पूर्ण कडकडीत सुकलेली असू दे, नाहीतर साखरेचा दगड होतो.