मदत हवी आहे : सर्व्हेवरचा ऑपरेशन्सचा पेपर कुठल्या जर्नलला पाठवू?

नमस्कार मंडळी. ऑपरेशन्स मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करतेय, चौथं वर्ष. विषय पुरवठादारांशी समन्वय आणि वेळेवर डिलिव्हरी. प्रश्नावली कारखान्यांच्या प्लांट मॅनेजरकडून भरून घेतली, आणि तिथेच घोळ आहे. 'पुरवठादाराशी माहितीची देवाणघेवाण किती?' आणि 'डिलिव्हरी स्पर्धकांपेक्षा किती चांगली?' ही दोन्ही उत्तरं एकाच माणसानं, एकाच बैठकीत, सातच्या स्केलवर दिलीत. म्हणजे कॉमन मेथड बायस आलाच (दोन गोष्टींतला संबंध खरा नसून, एकाच पद्धतीनं मोजल्यामुळेच दिसण्याचा धोका). हार्मनची चाचणी (सगळ्या उत्तरांमागे एकच घटक आहे का, ते पाहणारी) केली, पण तेवढ्यावर समीक्षक ऐकत नाहीत, आणि मला ते पटतं.

आता काही कारखान्यांकडून डिस्पॅचच्या प्रत्यक्ष नोंदी मिळू शकतील. त्या जोडू, की सरळ तीन-चार केस स्टडी करू? एकाच पेपरात दोन्ही कोंबलं तर दोन्ही अर्धवट राहील अशी भीती वाटते.

दुसरं, जर्नल. गाईड म्हणतात, यूटी डॅलस या अमेरिकन विद्यापीठाच्या, व्यवस्थापनातल्या २४ नामांकित जर्नल्सच्या यादीतलंच हवं. त्यात 'जर्नल ऑफ ऑपरेशन्स मॅनेजमेंट' आहे, पण 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ऑपरेशन्स अँड प्रॉडक्शन मॅनेजमेंट' नाही. माझ्या कामाच्या जवळचे कितीतरी पेपर मात्र तिथलेच. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी मिळालेल्या उद्धरणांची सरासरी. आमच्याकडे पेपर मुरायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. मग त्यावर किती विसंबायचं?

सर्व्हेला नंतर नोंदींची जोड देऊन कुणी पेपर छापून आणलाय का? समीक्षकांनी नेमकं काय विचारलं, तेवढं सांगा.