एडीएचडी असलेल्या मुलाला सोशल स्किल्सचा क्लास लावावा का?

निशिगंधा_पुणे
मुलगा ८ वर्षांचा, एडीएचडी आहे (लक्ष टिकत नाही, चळवळ्या आणि उतावळा). अभ्यासाचं काहीतरी जमवू पण मित्र टिकत नाहीत याचं फार वाईट वाटतं हो. लपाछपीत राज्य आलं की खेळ सोडून घरी येतो, कोणी बोलत असलं की मधेच तोंड घालतो, आता सोसायटीतली मुलं रडीचा डाव म्हणून चिडवतात आणि खेळायला बोलवतच नाहीत. जवळ एक सोशल स्किल्सचा ग्रुप चालतो पण पालकांनी बाहेर बसायचं म्हणे. कोणाला फायदा झालाय का?

सईचे_बाबा
पालक बाहेर असतील तर मी नाही लावणार. आमची सई क्लासमधे सगळं बरोब्बर सांगायची, नंबर येईपर्यंत थांबायचं वगैरे, आणि ग्राउंडवर परत ढकलाढकली. एडीएचडीवर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. रसेल बार्कली हेच सांगतात, या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, ऐन वेळी ते होत नाही. मग ऐन वेळी जवळ कोण असतं, आपणच ना!

मीरा_समुपदेशक
सईच्या बाबांशी सहमत. कॉक्रेन (वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) च्या २०१९ च्या आढाव्यात एडीएचडीच्या मुलांना अशा ट्रेनिंगचा ठोस फायदा दिसला नाही, त्यामुळे नुसत्या क्लासवर खूप पैसे घालू नका. मानसशास्त्रज्ञ अमोरी मिकामी यांनी तर मुलांना क्लासला न बसवता आईवडिलांनाच शिकवलं, आणि २०१० च्या त्या अभ्यासात मुलांच्या मैत्रीत फरक दिसला.
घरी असं करून बघा. एकाच मुलाला बोलवा, तासभरच. टीव्ही मोबाईल बंद, आणि जी खेळणी तुमचा मुलगा कोणाला हात लावू देत नाही ती आधीच कपाटात. मित्र यायच्या आधी एकच गोष्ट सांगा, आज पाहुणा म्हणेल तो खेळ. तो थांबला, वाट पाहिली की तिथल्या तिथे शाबासकी द्या. चुकला तर मित्रासमोर अजिबात रागवू नका, पाणी द्यायच्या निमित्ताने आत बोलवून हळूच सांगा. आणि खेळ रंगात असतानाच आवरा, भांडण होईपर्यंत ताणू नका. औषध चालू असेल तर त्याचा असर असतो ती वेळ निवडा.

निशिगंधा_पुणे
खूप आभार मीराताई. बी विंगमधे एक शांत मुलगा आहे, त्याला बोलवीन म्हणते. त्याच्या आईला एडीएचडीचं सांगावं का?

मीरा_समुपदेशक
लगेच नको. ‘मुलं खेळतील तेव्हा मी इथेच बसलेली असेन’ एवढं त्यांना सांगा, तेवढ्यानेच त्या निर्धास्त होतील. ओळख वाढली की तुम्हाला वाटलं तर सांगा, आणि सांगायच्या आधी मुलाला विचारा.