संशोधन निधीसाठी ऑनलाईन प्रपोजल भरतानाचे अनुभव लिहा (खास करून मराठवाड्यातल्या कॉलेजवाल्यांनी)

मांजराकाठ
सकाळी आमच्या ग्रुपवर एका संशोधन योजनेच्या कॉलची (अर्ज मागवल्याच्या सूचनेची) लिंक आली. खाली नव्याने लागलेल्या एका सरांनी विचारलं, "तारीख लांब आहे, निवांत भरता येईल ना?" ते वाचलं आणि सगळं जुनं वर आलं.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) मायनर प्रोजेक्ट, म्हणजे छोटे संशोधन प्रकल्प, कागदावर चालायचे तो काळ मी पाहिलाय. टाईप, स्पायरल, प्राचार्यांची सही-शिक्का आणि गठ्ठा पुण्याच्या पश्चिम विभागीय कार्यालयाला. लातूरहून कुणी पुण्याला निघालं की त्याच्या हाती द्यायचा. दगदग होती, पण कुठं अडलंय ते विचारायला समोर माणूस असायचा.

ऑनलाईन आल्यावर माझं पहिलं मोठं प्रपोजल नांदेड जिल्ह्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडवर होतं. लिहिताना फार आनंद झाला. सारांश चौकटीत टाकला, सेव्ह केलं, की पान लाल. "अवैध माहिती", एवढंच. कुठली माहिती ते नाही. अख्खी संध्याकाळ एकेक वाक्य काढून बघत होतो. शेवटी सापडलं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, म्हणून मी "< १.५" लिहिलं होतं. त्या एका 'पेक्षा कमी'च्या खुणेवर अडलं होतं. पोरांच्या दातांवर डाग पडलेली गावं त्या प्रपोजलमध्ये होती हो.

तुमच्याकडं काय काय झालं ते लिहा. नव्या लोकांना उपयोग होईल.

परभणीची_तूर
सर, वेबसाईटच्या कोडमध्ये टॅग त्याच खुणेनं सुरू होतो. त्यामुळे सुरक्षा फिल्टरला वाटतं कुणी हल्ला करायलंय. शब्दात "पेक्षा कमी" असंच लिहायचं इंग्रजीत. अंशाचं चिन्ह, मायक्रोचं µ, वर्डमधली वाकडी अवतरणचिन्हं, यांचाही भरवसा नाही. आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करा, मग तिथून उचला. आणि मजकूर कधीच पोर्टलवर बसून लिहू नका, सेशन संपलं की गेलं सगळं.

निखिल_जालना
सेशन संपलं!!! हेच लिहायला आलो होतो. नंतर लिहितो, तास आहे

बालाघाट_२२
आमचं ओटीपीचं. संस्थाप्रमुखाचं लॉगिन वेगळं असतं, प्रपोजल आधी त्यांच्याकडं जातं, त्यांनी मान्य केल्याशिवाय पुढं सरकत नाही. आता ते लॉगिन कुणाच्या मोबाईलवर? तर दोन प्राचार्यांआधीच्या सरांच्या. सर निवृत्त होऊन गावाकडं शेती करायलेत. फोन लागेना. शेवटी मोटरसायकल काढली आणि थेट शेतात. उसात रेंज नाही. सर म्हणाले चल टेकावरच्या देवळाजवळ, तिथं येते. तिथं गेलो, मी इकडं ऑफिसातल्या क्लार्कला फोन लावलेला, तो स्क्रीनपुढं, सर ओटीपी वाचून दाखवायलेत. पहिला येईपर्यंत मुदत संपली, दुसरा चालला. सरांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. एवढ्या वयाचा माणूस माझ्यासाठी टेकडी चढला हे मी विसरणार नाही.

नंबर बदलायचा अर्ज आम्ही लेटरहेडवर केला होता. बदलला, पण प्रपोजल जाऊन बरेच महिने झाल्यावर.

सुमन_ताई
सरांना नमस्कार सांगा. असे प्राचार्य आता कुठं

परभणीची_तूर
@बालाघाट_२२ जेवायला काय होतं ते तर सांगा 😀

बालाघाट_२२
ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि वर ताज्या उसाचा रस

निखिल_जालना
आता भूक लागली. हुरड्याला कुणाकडं जमायचं यंदा?

धाराशिवकर
विषयावर येतो. २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली. आमच्या संस्थेच्या पॅनवर, बँकेत, जुन्या नोंदणीत सगळीकडं उस्मानाबाद. पोर्टलच्या यादीत एका ठिकाणी नवं, एका ठिकाणी जुनं. छत्रपती संभाजीनगरवाल्यांचंही तेच. पत्ता जुळत नाही म्हणून पीएफएमएसची (सरकारी पैसा खात्यात येतो ती प्रणाली) नोंदणी अडून बसली. नावाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, नाव आमचंच आहे. पण राजपत्राची प्रत जोडली तरी समोरून एकच उत्तर, "कृपया दस्तऐवजानुसार भरा". कुठल्या दस्तऐवजानुसार? दोन्ही सरकारचेच आहेत. शेवटी बँकेकडून पत्र घेतलं की हे खातं आणि ती संस्था एकच. त्यानं सुटलं. ज्यांचं अडलंय त्यांनी हे पत्र आधीच काढून ठेवा.

शेख_मॅडम
माझा विषय मराठवाड्यातली दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली. उदाहरणं उर्दू लिपीत, अर्थ मराठीत, प्रपोजल इंग्रजीत. चौकटीत पेस्ट केलं की उर्दूच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मराठीचंही तेच झालं, कारण माझ्या सहसंशोधकाने त्याचा भाग जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये (युनिकोड नसलेल्या) टाईप करून दिला होता. ते युनिकोडमध्ये आणलं. उर्दूचं मात्र जमेना. मदतकेंद्राला मेल केला, उत्तर आलं की फक्त इंग्रजी अक्षरं वापरा. भाषेवरचं प्रपोजल आणि त्यात ती भाषाच लिहायची नाही! माझ्या आजीच्या तोंडच्या ओव्या त्यात होत्या. त्या मी रोमन लिपीत घातल्या नाहीत. वेगळी पीडीएफ करून परिशिष्टात जोडल्या आणि चौकटीत फक्त "परिशिष्ट पाहा". परीक्षकांनी पाहिल्या, मुलाखतीत त्यावरच विचारलं. तेव्हा फार बरं वाटलं.

मांजराकाठ
मॅडम, ओव्या इथं टाका ना एखादी. इथं प्रश्नचिन्ह येणार नाही.

शेख_मॅडम
टाकते सर, अम्मीला विचारून. ती म्हणते लिहून नको, म्हणून दाखवते.

आशा_गेवराई
पीडीएफची साईज. कुणी सांगायलं का नीट? सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन केलं तर मोठं होतं, कमी केलं तर शिक्का दिसत नाही. मोबाईलवरून करायले मी

परभणीची_तूर
ताई, स्कॅनला १५० डीपीआय आणि काळं-पांढरं ठेवा. रंगीत लागतच असेल तर फक्त ते एक पान रंगीत. फोटो काढून पीडीएफ करू नका. फाईलचं नाव इंग्रजीत, मध्ये मोकळी जागा नको, मराठी नाव तर नकोच.

आशा_गेवराई
झालं!! देव भलं करो तुमचं

गोदावरी_जेआरएफ
मी प्राध्यापक नाही. प्रोजेक्टवर जेआरएफ (फेलोशिपवर काम करणारी कनिष्ठ संशोधक) होते, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

प्रपोजल गेलं, मंजूर झालं, पेढे वाटले, की सगळ्यांना वाटतं संपलं. तिथून पुढं पोर्टल आमच्या पोटावर येतं. वर्ष संपलं की उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामाला वापरल्याचं), तेही जीएफआर १२-अ या सरकारी नमुन्यातच, सोबत खर्चाचं विवरण. त्यावर सही लेखा विभागाची आणि संस्थाप्रमुखाची. आमच्याकडं लेखा विभागात एकच काका, त्यांच्याकडं सगळ्या कॉलेजचे पगार, शिष्यवृत्त्या, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कागदं. त्यांना तरी काय बोलायचं. पोर्टलवरचा शिल्लक आकडा आणि पासबुकातला आकडा व्याजामुळे जुळेना. फाईल परत, पुन्हा फाईल परत. तोवर दुसरा हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणजे माझा फेलोशिपचा पैसा नाही.

नांदेडला खोलीचं भाडं द्यायचं होतं. सरांनी स्वतःच्या खिशातून काही महिने दिले, मी नको म्हणत होते तरी. माझ्यासोबतचा मुलगा चांगला काम करायचा, रसायनाचे हात होते त्याचे. तो सोडून एमपीएससीच्या अभ्यासाला पुण्याला गेला. त्याच्या वह्या अजून लॅबमध्ये आहेत. हप्ता आला तेव्हा तो नव्हता.

विवरणात व्याज वेगळ्या ओळीत दाखवायचं असतं आणि नियमानुसार परत भरायचं असतं, हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर हे सगळं झालं नसतं. कुणी सांगतच नाही.

सुमन_ताई
बाळा, तू आता कुठं आहेस? पीएचडी झाली का

गोदावरी_जेआरएफ
प्रबंध जमा केला काकू 🙏

सुमन_ताई
शाब्बास

कक्ष_कर्मचारी
एका विद्यापीठाच्या प्रकल्प कक्षात काम केलंय, नाव नको. आमच्यावरही राग असतो लोकांचा, म्हणून लिहितो. शेवटच्या दिवशी संलग्न कॉलेजांतून एकदम सगळ्यांचे फोन येतात. कक्षात माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली काही कंत्राटी. दिल्लीतल्या, मुंबईतल्या मोठ्या संस्थांत बजेट तपासायला वेगळा, अपलोड करायला वेगळा माणूस असतो. इथं एक शिक्षक दिवसभर तास घेतो आणि रात्री हे सगळं एकटा करतो. पोर्टल मात्र दोघांना सारखंच. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच की जिल्ह्याला निदान एक जाणकार माणूस नेमा, कायमचा. सॉफ्टवेअर नवीन आणून हे सुटणार नाही.

बालाघाट_२२
शंभर टक्के. जिल्ह्याला एक. लातूर, बीड, हिंगोली, सगळीकडं.

धाराशिवकर
अजून एक, सर्बचं (संशोधनाला निधी देणारं केंद्राचं मंडळ) काम आता एएनआरएफकडं (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) आलंय (कायदा २०२३ चा). पोर्टलचा पत्ताही बदललाय. जुने बुकमार्क असतील तर काढून टाका.

निखिल_जालना
तास झाला. माझं थोडक्यात: शेवटच्या दिवशी पाचला बंद होणार होतं, साडेतीनला लाईट गेली, इन्व्हर्टर दमलेला. तालुक्याच्या सेतू केंद्रावर पळालो. तिथं दाखल्यासाठी बायाबापड्यांची रांग. त्या लोकांनी मला पुढं जाऊ दिलं. एक आजी म्हणाल्या, "मास्तरचं आधी होऊ द्या, आमचं उद्या बी होतंय." प्रपोजल गेलं. मंजूर नाही झालं, पण ते वेगळं.

मांजराकाठ
निखिल, परत भर यंदा. बजेट मी बघतो, रविवारी ये.

निखिल_जालना
येतो सर. जालन्याहून निघालो की फोन करतो

आशा_गेवराई
सहसंशोधकाच्या संमतीची मेल त्यांना आलीच नाही म्हणतेत. काय करू?

परभणीची_तूर
स्पॅममध्ये बघायला सांगा. नसेल तर पोर्टलवर तुमच्या लॉगिनमधून पुन्हा पाठवा. जीमेलचा पत्ता दिला असेल तर संस्थेचा देऊन बघा.

आशा_गेवराई
संस्थेचा मेल नाही आमच्या कॉलेजला. बघते. आणि प्राचार्यांच्या शिफारस पत्राचा नमुना कुणाकडं आहे का?

शेख_मॅडम
माझ्याकडं आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गोदावरी_जेआरएफ
मलाही हवाय मॅडम