अनुभव धागा : सोलापूरच्या उन्हात पत्र्याखालचं काम

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि निम्मं शहर पत्र्याखाली काम करतं. ‘भरपूर पाणी प्या’च्या पुढचं लिहा. जागेत काय बदललं की फरक पडतो, मापं काय, कुठे फसतं?

यंत्रमाग

कोरड्या हवेत सुती धागा तुटतो. टॉवेल-चादरीला ७०-७५ टक्के आर्द्रता लागते, म्हणून खिडक्या लावून घेतात आणि फरशीवर पाणी मारतात. धाग्याचं भागतं, पण माणसाचा घाम वाळत नाही. मागांच्या मधोमध छातीच्या उंचीवर दोन थर्मामीटर टांगा, एकाच्या बल्बला मलमलीची ओली वात. कोरडा ३६ आणि ओला ३२ दाखवत असेल तर आर्द्रता ७५ टक्क्यांच्या घरात आहे. धाग्याला उत्तम, कामगाराला धोक्याची. नुसता कोरडा आकडा बघणाऱ्याला ३६ म्हणजे बाहेरच्यापेक्षा बरंच वाटतं, आणि तिथेच घात होतो.

ओलावा फरशीवरून नको, बाहेरच्या हवेबरोबर आत आणा. आपली मे महिन्यातली दुपारची हवा कोरडी असते. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेची हवा कूलरच्या भिजलेल्या जाड पॅडमधून आली तर ३० अंशांच्या खाली उतरते आणि लागणारा ओलावाही घेऊन येते. मात्र मागांच्या मोटारींजवळून जाताना ती पुन्हा तापते. म्हणून लांबट शेडच्या एका टोकाला मोठा कूलर बसवून भागत नाही; दूरच्या मागांना गरम हवाच मिळते. शेडच्या लांब भिंतीला कूलर, समोरच्या लांब भिंतीला वर एक्झॉस्ट, अशी आडवी हवा खेळवा. एक्झॉस्ट नसेल तर कूलर म्हणजे पुन्हा कोंडलेली वाफच.

बोअरच्या जड पाण्याने पॅडवर पांढरे थर बसतात, हवा अडते. टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण सोडा, ते संडासाला वापरता येतं. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा हा हिशेब आधीच करायला हवा.

आणि मजुरी नगावर असेल तर विश्रांतीचे पैसे धरल्याशिवाय कुणी माग सोडून बसणार नाही. कूलरइतकाच हाही खर्च धरा.

छप्पर

वर यंत्रमागाबद्दल लिहिणाऱ्या दादांचं बरोबर आहे, पण आधी छप्पर. सिमेंटच्या पत्र्याला चुन्याचे दोन हात चालतात. पावसात धुऊन जातात, दर फेब्रुवारी-मार्चला पुन्हा द्यावे लागतात. जस्ताच्या पत्र्याला चुना लावू नका, तो जस्त खातो आणि पापुद्रे सुटतात. तिथे गंज घासून, धुऊन, प्रायमर, मग पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात. काम सकाळी नऊच्या आत, कारण तापल्या पत्र्यावर रंग धरत नाही. जुना सिमेंटचा पत्रा कोरडा घासू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या ब्रशने धुवा. आणि त्यावर थेट पाय कधीच ठेवू नका! पत्र्याखालच्या आधाराच्या कैच्यांवर फळी टाकून तिच्यावरूनच चाला. पत्रा फुटून माणूस खाली येतो.

छपरावर वाऱ्याने फिरणारे, गरम हवा बाहेर काढणारे टर्बो पंखे बसवणार असाल तर खाली हवा आत यायला जाळ्या हव्यात, नाहीतर ते नुसते फिरत राहतात.

विडी

ताई-मावश्या घरी विड्या वळतात तिथली अडचण वेगळी. पंखा लावला की सुपातली तंबाखू उडते आणि भिजवलेलं पान वाळून तडकतं, म्हणून पंखा बंदच राहतो. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा, हवा उलटून मंद येते. पान ओल्या फडक्यात गुंडाळून लागेल तेवढंच काढा. पत्र्याच्या वर हातभर अंतर ठेवून हिरवी शेडनेट ताणा. पत्र्याला चिकटून टाकली तर तिचा ताव खालीच उतरतो. पानं कापणं पहाटे, वळणं अकराच्या आत आणि उन्हं कलल्यावर.

बांधकाम

दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे २५० मिली पाणी. ताशी पाऊण लिटर धरलं तर २० माणसांना सहा तासांचे ९० लिटर होतात, म्हणजे २० लिटरचे पाच जार. टाकी कामाच्या जागेजवळच हवी. तिसऱ्या मजल्यावरून पाण्यासाठी कुणी खाली उतरत नाही.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शाइतकंच उन्हातलं काम द्या, मग रोज तेवढंच वाढवा. गावाहून परतलेल्या जुन्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मं आणि चौथ्या दिवशी पूर्ण.

कुणी बरळायला लागला, तोल गेला, अंग भाजतंय, तर घाम असला तरी उष्माघातच समजा. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आडवं करून कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.